राजवीरचे बूट

संयोगितानं थापलेली भाकरी परातीतून हातावर घेतली आणि तव्यावर टाकायच्या आधीच ती थांबली. आतल्या खोलीतून आवाज आला होता. पीं. मग जरा वेळानं पुन्हा. पीं, पीं.

भाकरी हातावरच फाटून परातीत पडली.

मोना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दोन वर्षांची पोर, अंगात नुसती चड्डी, डोक्यावरची शेंडी एका बाजूला कललेली. पायात लाल बूट, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. तिनं एक पाय उचलून फरशीवर आपटला, बुटातून पीं झालं, आणि आई कधी हसते याची वाट बघत ती तशीच उभी राहिली.

"कुठनं घेतलेस गं?"

"माजे," मोना म्हणाली.

तेवढ्यात मागच्या परड्यातून धावत येणारी पावलं ऐकू आली. बयाबाई, संयोगिताची सासू, मागच्या दारात येऊन धापा टाकत थांबली. गोठा घरापासून चांगला चाळीस-पन्नास पावलांवर. शेणाची पाटी तिच्या हातात तशीच होती. मोनाच्या पायांकडं बघता बघता तिनं ती पाटी स्वयंपाकघरातच खाली ठेवली.

मोनानं पुन्हा पाय आपटला.

"ऐकू आलं व्हय तुम्हाला?" संयोगितानं विचारलं.

बयाबाईनं पदरानं कपाळ पुसलं.

ते बूट संयोगितानंच महाद्वार रोडवरून आणले होते, मोनासाठी नव्हे, राजवीरसाठी. पोरगं कुठं गेलं ते घरात कळावं म्हणून मुद्दाम वाजणारे घेतले होते. ती तेव्हा दसरा चौकाजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला जायची. तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, ती कामावर असताना राजवीर गोठ्याजवळच्या हौदात पडला. सव्वादोन वर्षांचा होता. उपडं घातलेलं घमेलं हौदाच्या कडेला होतं, त्यावर चढला असावा. घरात त्याची आजी होती आणि तिसऱ्या पाळीहून येऊन झोपलेला बाप.

त्यानंतर संयोगिताला एकच गोष्ट गिळता येत नव्हती. एवढे वाजणारे बूट घालून पोरगं अख्खं परडं ओलांडून गेलं आणि कुणाला ऐकू कसं आलं नाही? बयाबाईनं पोलिसांना, गल्लीतल्या बायकांना आणि सुनेला एकच उत्तर दिलं होतं. माझं कान गेल्यात. मला आवाज आला न्हाय. संयोगितानं ते खरं धरलं. बाहेर काढला तेव्हा राजवीरचे पाय उघडे होते. बूट पाण्यात निघाले असतील, असं सगळे म्हणाले. तिनं हौद दोनदा उपसायला लावला. बूट मिळाले नाहीत. शेवटी अमरसिंहनं हौदात माती भरून घेतली.

राजवीरचं बाकी सगळं तिच्या कपाटात खालच्या कप्प्यात होतं. टोपरं, चार झबली, चांदीचे वाळे, कागदाच्या पुडीत जावळातली एक बट, आणि दातांचे ठसे उमटलेला प्लॅस्टिकचा निळा चमचा. किल्ली तिच्या कमरेला असे. तो कप्पा ती एकटी असताना उघडायची. त्यातली एकही वस्तू बयाबाईनं परत पाहिली नव्हती.

मोनाला घेऊन ती माहेराहून, कागलहून, आली त्या दिवशी दारात बयाबाई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. संयोगिता म्हणाली होती, "हिला हात लावायचा नाही."

"बरं," बयाबाई म्हणाली होती, आणि तुकडा शेजारणीच्या हातात दिला होता.

दोन वर्षं तिनं ते पाळलं. मोना रांगत जवळ आली की ती पाय वर घेऊन बसायची. मोना चालायला लागली तशी ती उठून गोठ्यात जायची. पोरीला तिला काय हाक मारायची तेही माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात संयोगितानं पाहिलं, की बयाबाई पायरीवर गुळाचा खडा ठेवते आणि लांब सरकून बसते, आणि मोना येऊन तो उचलते. चिमण्यांना दाणे टाकावेत तसं. त्याच दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, एक तर त्या राहतील नाहीतर मी. अमरसिंह आढेवेढे घेईल असं तिला वाटलं होतं. पण तो लगेच म्हणाला, "कोडोलीला स्वप्नालीकडं धाडू की." इतक्या लगेच, की तिलाच क्षणभर कसंतरी झालं होतं.

स्वप्नाली म्हणजे त्याची बहीण. तिचा नवरा विजयसिंह आज चार वाजता छोटा हत्ती टेम्पो घेऊन येणार होता. बयाबाईची ट्रंक सकाळपासून खाटेवर उघडी पडली होती, आणि मोनाचे हात तिथवर पोचले होते.

संयोगितानं पिठाचे हात पुसले आणि ती मोनासमोर उकिडवी बसली. तिनं एक बूट बोटांनी चाचपला. लाल रंग तसाच होता. कुठं पाण्याचा डाग नाही, चिकटपट्टी कोरी करकरीत.

"कुठं होते हे?"

"माझ्या ट्रंकंत."

"तीन वर्षं?"

बयाबाईनं होकाराची मान हलवली.

"मी हौद उपसायला लावला तेव्हा तुम्ही तिथं उभ्या होता."

"व्हय."

"म्हणजे त्याच्या पायात बूट नव्हतेच."

"न्हवतं."

"कुणी काढले?"

"म्या." उत्तर प्रश्नाला लागूनच आलं. "म्या काढलं. वाजत हुतं लई. अमर रातच्या पाळीचा निजला हुता."

"मग कानाचं का सांगितलंत?"

बयाबाई खाली ठेवलेल्या पाटीकडं बघत राहिली.

"मी सगळं घर धुंडाळलं. कुठं ठेवले होते?"

"कपाटाच्या डोक्यावर, वाकळांच्या मागं. सुतक फिटल्यावर घर धुतलं न्हवं, तवा स्वप्नालीनं वाकळा वडल्या, त्याबरोबर ह्ये खाली पडलं. म्या पदराखाली घेतलं."

"टाकले का नाहीत?"

"टाकवंनात. त्येचं समदं तुझ्या कपाटात हाय. माझ्याजवळ ह्येच की एक."

संयोगिता उठली. तिला ओरडायचं होतं. तीन वर्षं तिनं त्यासाठी शब्द जमवून ठेवले होते. पण ती एवढंच म्हणाली, "आवरा तुमचं. दाजी येतील." मग मोनाच्या पायातले बूट काढायला ती वाकली, तशी मोनानं अंग टाकून दिलं आणि किंकाळी फोडली. संयोगितानं हात मागं घेतले. मोना उठली आणि पीं पीं करत पुढच्या अंगणात गेली.

साडेतीनला अमरसिंहची गाडी दारात थांबली. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो सुपरवायझर होता. आठवडाभर पहिली पाळी चालू होती. त्यानं हेल्मेट काढलं आणि आवाज त्याच्या कानावर पडला. मोना बापाकडं धावत येत होती.

संयोगिता दारातून बघत होती. त्यानं हेल्मेट गाडीवर ठेवलंच नाही, सोडून दिलं. मोनाचा एक दंड धरून त्यानं तिला उचललं, दुसऱ्या हातानं एक बूट ओढून काढला, मग दुसरा. चिकटपट्ट्या फाटल्यासारख्या आवाज करत सुटल्या. पोर रडायला लागली तसं त्यानं तिला पायरीवर ठेवलं, बायकोच्या अंगावरून तो आत गेला, झोपायच्या खोलीत शिरला आणि हात वर करून दोन्ही बूट कपाटाच्या डोक्यावर, वाकळांच्या मागं सारले. टाचाही उचलाव्या लागल्या नाहीत त्याला. वरती बघितलंही नाही त्यानं.

"एकदा सांगून कळत न्हाय?" तो म्हणाला आणि खोलीचं दार त्यानं धाडकन लावून घेतलं.

बाहेर मोना रडत होती. दार पुन्हा उघडलं. अमरसिंह उंबऱ्यात उभा होता. बायको समोर आहे हे त्याला आत्ता दिसलं.

"लागल तिला," तो म्हणाला. "उलटं घातलं हुतं."

संयोगिता त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्याच्यामागच्या कपाटाकडं बघत होती. कपाट पुरुषभर उंच होतं. बयाबाईचं डोकं त्याच्या वरच्या कडीपर्यंत यायचं. राजवीर व्हायच्या आधी खांदा दुखावला, तेव्हापासून मांडणीवरची लोणच्याची बरणीसुद्धा ती कुणाला तरी काढून मागायची.

तिनं मोनाला कडेवर घेतलं आणि ती परड्यात गेली.

बयाबाई गोठ्यात म्हशीजवळ उभी होती. नेसूचं बदललं होतं, डोक्यावरून पदर घेतला होता. म्हशीच्या गळ्याखाली ती हात फिरवत होती.

"आत्ती," संयोगिता म्हणाली. तीन वर्षांत तिनं ही हाक मारली नव्हती. "तुमचा हात पोचतो का कपाटावर?"

बयाबाईचा हात थांबला. म्हशीनं मान हलवली, दावं वाजलं.

"पोचतो का?"

"स्टूल घेतलं हुतं."

"स्टूल आपण मागनं आणलं. मोना पोटात असताना."

मोनाचं रडणं ओसरून नुसते हुंदके राहिले होते.

"म्या हितंच बसलो हुतो," बयाबाई म्हणाली. "ह्याच म्हशीची धार काढत. कान घराकडंच हुतं माझं. बूट वाजत हुतं, वाजत हुतं, मग बंद झालं. म्हटलं, निजलं आसल बापाच्या कुशीत. बरं झालं म्हटलं. निवांत धार काढली म्या. चरवी भरूपतूर उठलो न्हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. डोळे कोरडेच होते.

"मग मला का सांगितलं नाही? तीन वर्षं मी तुम्हाला..."

"काय सांगू? पोराला भाईर काढलं तवा म्या अमरच्या तोंडाकडं बगितलं. आठ दिस पोटात अन्न न्हवतं त्येच्या. इहिरीवर जाऊन बसायचा. मागनं मी जायचो, म्हटलं आता ह्यो बी जातोय." ती पुन्हा म्हशीकडं वळली. "माझं काय, चार वर्सं ऱ्हायली आसतील. त्येला चाळीस काढायच्यात. माझ्यावरच राहू दे ते."

"तुम्हाला हे ठाऊक आहे, ते त्यांना माहीत आहे?"

"बोललो न्हाय कवाच. पर तीन वर्सं त्यो माझ्या तोंडाकडं बगत न्हाय." बयाबाईनं आवाज खाली आणला. "तू बी बोलू नगंस. तू हाईस म्हणून त्यो हाय. मी जातो की. मी गेलो म्हंजे त्येला बी जरा सुटल्यागत हुईल."

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. बयाबाई पदर सावरत घराकडं निघाली. मोनाजवळून जाताना नेहमीसारखी ती अंग चोरून, गोठ्याच्या भिंतीला चिकटून गेली.

विजयसिंह अघळपघळ माणूस होता. त्यानं अंगणातूनच आरोळी दिली, ट्रंक एकट्यानं उचलून छोट्या हत्तीच्या हौद्यात चढवली आणि वळकटी तिच्यावर बांधली. कोडोलीला आत्याबाईंसाठी खोली कशी रंगवून घेतली, पंखा कसा बसवला, ते तो मोठ्यानं सांगत होता. बयाबाई ऐकत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अमरसिंह मागं मोरीपाशी तोंड धूत होता. बादली भरून वाहत होती तरी त्यानं नळ बंद केला नव्हता. संयोगितानं नळ बंद केला आणि टॉवेल पुढं धरला.

"तुम्हाला काही सांगायचंय मला?"

"काय सांगायचं?"

"काय पण."

त्यानं टॉवेल तोंडावर घेतला. मान, कान, पुन्हा तोंड. टॉवेलाआड तो बराच वेळ राहिला. संयोगिता थांबली. आत कुकरची शिट्टी झाली, पुढं विजयसिंह कुणाशी तरी हसला, तरी ती थांबली. एखादं वाक्य अर्धं जरी आलं तरी पुढचं आपण ऐकून घेऊ, असं तिला त्या वेळी वाटत होतं.

अमरसिंहनं टॉवेल खाली घेतला.

"दाजी आल्यात," तो म्हणाला. "चहा टाक."

संयोगिता चहा टाकायला गेली नाही. कडेवरच्या मोनाला सावरत ती घरातून सरळ पुढच्या अंगणात आली. गाडीपाशी जाऊन म्हणाली, "दाजी, ट्रंक उतरवा."

"आं?"

"उतरवा ट्रंक. आत्ती कुठं जात नाहीत."

विजयसिंहनं आधी तिच्याकडं आणि मग दारात येऊन थांबलेल्या मेव्हण्याकडं पाहिलं. "पावणं, काय भानगड हाय ही? खोली रंगवली की मी."

अमरसिंहनं टॉवेल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"स्वप्नालीताईंना मी फोन करते," संयोगिता म्हणाली. तिनं गाडीचं दार उघडलं. बयाबाई हलली नाही. तिनं दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती.

"उतरा."

"नगं गं बाई. जाऊ दे मला."

"उतरा म्हणते ना."

बयाबाई उतरली. तिचे पाय पुरते जमिनीला लागले नव्हते तोवर संयोगितानं मोनाला तिच्यापुढं धरलं. म्हातारीनं चटका बसावा तसे हात वर उचलले.

"नगं! मला नगं. माझ्याच्यानं हुयाचं न्हाय. माझ्याकडं देऊ नगंस तिला."

"घ्या."

"माझा डोळा लागला तर? गोठ्यात गेलो तर?"

"घ्या, आत्ती."

मोनाचे पाय हवेत लोंबत होते. ती दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनंच पुढं झुकून बयाबाईच्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरली. संयोगितानं हात सोडले, आणि बयाबाईला पोर धरावीच लागली.

ती तशीच पायरीवर खाली बसली. पोरीला मांडीवर कसं घ्यायचं ते जणू तिला आठवत नव्हतं. एकदा आडवी घेतली, एकदा उभी धरली. विजयसिंह ट्रंक आत ठेवून आला. चहा राहू दे म्हणाला, आणि गाडी मागं घेत गल्लीतून निघून गेला.

अंगणात तिघं आणि मोना उरली. ऊन भिंतीवर चढलं होतं.

मोना मांडीवरून घसरून पळायला लागली. बयाबाईनं तिला चड्डीला धरून मागं ओढलं. मग तिनं आपल्या पदराचं टोक शोधून काढलं, पोरीच्या कमरेच्या करगोट्यातून ओवलं आणि गाठ मारली. ओढून बघितली. आणखी एक मारली, तीही ओढून बघितली.

अमरसिंह दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या हातात अजून तो ओला टॉवेल होता.

"मला लई झोप आलती," तो म्हणाला.

तो कुणाला उद्देशून बोलला ते कळलं नाही. संयोगिता अंगणात पडलेलं हेल्मेट उचलत होती. ती वाकलेली तशीच थांबली. मग उभी राहिली, पण वळली नाही.

बयाबाई तिसरी गाठ मारत होती. ती मारून झाली तशी मोना परड्याकडं निघाली, पदर ताणला गेला, आणि म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पोरीच्या मागं ओढली गेली.